अंतर ३८३ किलोमीटर, विमानाचा वेग ५००, मग तिकिटावर सव्वा तास का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर एका साइटवर ३८३ दिसतंय, दुसरीकडे २०७ आणि तिसरीकडे २३८. मॅपवर रस्त्याने बघितलं तर ५२० च्या आसपास. वेळ एक साइट २८ मिनिटं सांगते, दुसरी ४६ मिनिटं आणि प्रत्यक्ष तिकिटावर आहे १ तास १५ मिनिटं. यातलं खरं कुठलं, आणि विमान उतरल्यावर ५० मिनिटांनी सुटणारी ट्रेन पकडायची आहे तर जमेल का.

मी एकोणीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचला काम करते, म्हणजे विमान सुटायच्या आधी त्याचा मार्ग, उंची, वारा, इंधन आणि वेळ हे सगळं कागदावर काढून कॅप्टनसोबत सही करायची, हाच रोजचा धंदा. त्यामुळे हा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक लोक सरळ धरून चालतात की तिकिटावरचा वेळ म्हणजे कंपनीने उगाच फुगवलेला आकडा. तसं नाहीये. तुम्हाला दिसलेले जवळजवळ सगळे आकडे बरोबर आहेत, फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे आणि साइटवाले ते कुठे सांगत नाहीत.

आधी अंतराचं बघू, ते सोपं आहे. ३८३, २०७ आणि २३८ हे एकच अंतर आहे. ३८३ किलोमीटर, २०७ नॉटिकल माईल आणि २३८ साधे माईल. नॉटिकल माईल म्हणजे बरोब्बर १.८५२ किलोमीटर आणि साधा माईल म्हणजे १.६०९. विमानात आणि जहाजात नॉटिकल माईलच चालतो आणि त्याला कारण आहे, अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे जवळपास एक नॉटिकल माईल, त्यामुळे नकाशावरून अंतर थेट मोजता येतं. वेगाचं एकक नॉट तेही त्यातूनच आलं, तासाला एक नॉटिकल माईल म्हणजे एक नॉट. दोन माईलमध्ये १५ टक्क्यांचा फरक आहे आणि साइटवर नुसतं 'माईल' लिहिलेलं असतं, कुठला ते नाही. शिकाऊ मुलं आमच्याकडे येतात तेव्हा पहिल्या आठवड्यात हमखास इथेच अडखळतात, एकाने साध्या माईलचं अंतर घेऊन नॉट्समधल्या वेगाने भागलं होतं आणि ट्रिपचा वेळ १५ टक्के जास्त आला, जास्त आला म्हणून निभावलं, उलटं झालं असतं तर इंधन कमी पडलं असतं. तेव्हापासून मी प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायला लावते, न लिहिलेला आकडा वाचतच नाही.

आता ३८३ आला कुठून. हिशोब स्वतः करून बघायचा असेल तर गोल आकडे धरते. समजा अ विमानतळ २० अंश उत्तर, ७५ अंश पूर्व आणि ब विमानतळ २२ अंश उत्तर, ७८ अंश पूर्व. उत्तर-दक्षिण फरक २ अंश, एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर, म्हणजे २२२ झाले. पूर्व-पश्चिम फरक ३ अंश, पण इथे सरळ १११.२ ने गुणायचं नाही, कारण रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येत जातात, म्हणून मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे २१ अंशाच्या कोसाइनने गुणायचं, ते साधारण ०.९३४ येतं. ३ गुणिले ०.९३४ गुणिले १११.२ म्हणजे ३११. मग शाळेतला पायथागोरस, २२२ आणि ३११ च्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, ३८३ च्या आसपास. कोसाइन विसरलात तर ४०१ येईल, १८ किलोमीटरची चूक. एवढ्या छोट्या अंतराला हा हिशोब पुरतो. हजारो किलोमीटरचं असेल तर मात्र गोलावरचं सूत्र लागतं, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून, आणि तिथे सगळ्यात जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडा दिसतो. पृथ्वी अगदी गोल नाही, विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवापाशी ६,३५७ आहे, पण त्याने अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक पडत नाही. तुमच्या प्रवासात तो फरक फार तर दोन किलोमीटरचा, सोडून द्या.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांसाठी. साइटवर शहराचं नाव टाकून अंतर बघू नका, विमानतळाचा कोड टाका. तिकिटावर तीन अक्षरी कोड असतो तो. हैदराबाद दोन आहेत, भारतातल्या हैदराबादचा कोड एचवायडी आणि पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादचा एचडीडी. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडात नोव्हा स्कोशियामध्येही आहे आणि चुकीच्या सिडनीचं तिकीट काढून लोक खरोखर तिथे पोचलेत. शिवाय शहराचं नाव टाकलं की बऱ्याच साइट शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, विमानतळ शहरापासून ३०-४० किलोमीटर लांब असला तर छोट्या मार्गावर तेवढ्यानेच दहा टक्के फरक पडतो.

तर ३८३ बरोबर. पण विमान ३८३ किलोमीटर उडत नाही.

का ते सांगते. विमान वाऱ्याच्या तोंडाला टेकऑफ करतं, जायच्या दिशेला नाही. धावपट्टीला नंबर असतो तो तिच्या चुंबकीय दिशेवरून दिलेला असतो, ०९ म्हणजे ९० अंश, पूर्वेकडे, आणि तीच धावपट्टी दुसऱ्या टोकाकडून २७, म्हणजे पश्चिमेकडे. तुम्हाला जायचंय पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा असेल तर विमान आधी पश्चिमेला उडेल, मग वळेल. पोचतानाही तेच, येणाऱ्या दिशेकडून सरळ उतरता आलं तर छान, नाहीतर विमानतळाच्या पलीकडे जाऊन वळून यायचं. मधे ठरलेले हवाई मार्ग, लष्कराच्या बंद जागा, डोंगर, आणि ढगांचा एखादा मोठा गठ्ठा वाटेत असेल तर त्याला वळसा. मी छोट्या मार्गांना सरळ अंतरात ५ ते १० टक्के वाढवून धरते. तुमच्या ३८३ चे ४१० धरू.

आता वेळ. २८ मिनिटं सांगणाऱ्या साइटने ३८३ ला जेट विमानाच्या वेगाने, ताशी ८३० ने भागलंय. ४६ सांगणारीने ताशी ५०० ने भागलंय, तो पंख्याच्या विमानाचा म्हणजे टर्बोप्रॉपचा वेग. दोन्हींनी असं धरलं की विमान धावपट्टीवरून सुटताच पूर्ण वेगात असतं आणि पुढच्या धावपट्टीवर त्याच वेगात पोचतं. बस स्टँडवरून निघून गावातल्या सिग्नलमधून बाहेर पडायलाही वेळ लागतो तो कोणी धरलाच नाही, तसं झालं हे.

पहिली गोष्ट, तुमच्या मार्गावर विमान कुठलं आहे ते बघा, बुकिंग करताना लिहिलेलं असतं. छोट्या विमानतळांवर बहुतेक वेळा एटीआर ७२ सारखं टर्बोप्रॉप असतं, त्याचा क्रूझ वेग ५०० ते ५१० किलोमीटर. डॅश ८ चं क्यू४०० मॉडेल असेल तर ते ६५० च्या पुढे जातं. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ असेल तर ८३० च्या आसपास. पण हे सगळे वर पोचल्यानंतरचे वेग आहेत. वर चढताना एटीआरचा वेग यापेक्षा बराच कमी असतो आणि १७,००० फुटांपर्यंत जायला भरलेल्या विमानाला साधारण १५ मिनिटं लागतात, तेवढ्यात ते ९० एक किलोमीटर पुढे गेलेलं असतं. जेट पटकन चढतं पण त्यालाही बंधन आहे, बहुतेक देशांत १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटच्या वर जायचं नाही.

उतरणं तर अजून आधी सुरू होतं. आमच्याकडे सोपा हिशोब आहे, दर १,००० फूट खाली यायला ३ नॉटिकल माईल. १७,००० फुटांवरून खाली यायचं तर ५१ नॉटिकल माईल, म्हणजे ९४-९५ किलोमीटर आधी उतरायला लागायचं. जेट ३५,००० वर असेल तर १०५ नॉटिकल माईल आणि वेग कमी करायला वर थोडे, म्हणजे दोनशे किलोमीटर लांबूनच खाली यायला सुरुवात. हा ३ चा आकडा उगाच नाही, धावपट्टीकडे येणारा नेहमीचा उतार ३ अंशांचा असतो आणि त्या उताराने मोजलं की हेच गणित येतं. आणि शेवटचे १५-२० किलोमीटर तर चाकं खाली, फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा बाहेर, हळूहळू येत असतं विमान, तिथे घाई करताच येत नाही आणि कोणी करूही नये.

तर तुमचे ४१० किलोमीटर असे वाटा. चढताना ९० किलोमीटर, १५ मिनिटं. उतरताना अप्रोच, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत येण्याचा शेवटचा टप्पा, धरून ११० किलोमीटर, १९ मिनिटं. मधे उरले २१० किलोमीटर, ते ताशी ५०० ने २५ मिनिटं. एकूण हवेतला वेळ ५९ मिनिटं. म्हणजे जो ५०० चा वेग धरून तुम्ही सगळा हिशोब केला तो वेग विमानाने जेमतेम अर्ध्या अंतरात वापरला. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

पण तिकिटावर हवेतला वेळ नसतोच. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात, त्याला चोक म्हणतात, ते निघून विमान जागेवरून हललं तिथून घड्याळ सुरू आणि पोचल्यावर जागेवर उभं राहून चोक लागले की घड्याळ बंद. आमच्या नोंदीत चार वेळा असतात, आउट, ऑफ, ऑन, इन. जागेवरून हललं ते आउट, चाकं जमिनीवरून सुटली ते ऑफ, परत टेकली ते ऑन, उभं राहिलं ते इन. ऑफ ते ऑन हवेतला वेळ, आउट ते इन ब्लॉक. जाहीर केलेली सुटायची वेळ ही आउटची असते, टेकऑफची नाही. पुष्कळ लोक टेकऑफला घड्याळ बघतात आणि आधीच दहा मिनिटं उशीर झाला म्हणून चिडतात, ती दहा मिनिटं वेळापत्रकात धरलेलीच असतात.

छोट्या विमानतळावर टॅक्सी, म्हणजे विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जाणं-येणं, कमी वेळाची असते हे खरं, पण तिथे एक वेगळी गोष्ट असते. बऱ्याच ठिकाणी धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसतो. मग विमान धावपट्टीवरच उलट्या दिशेने शेवटपर्यंत जातं, तिथे वळतं आणि मग टेकऑफ घेतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. दोन किलोमीटरची धावपट्टी ताशी ३०-४० किलोमीटरने पार करायची म्हणजे तीन-चार मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ दुसरं कुठलंच विमान उतरू शकत नाही, उतरणारं वर थांबतं. रडार नसेल तर कंट्रोलर दोन विमानांमध्ये जास्त अंतर ठेवतो, कारण त्याला ती दिसत नाहीत, पायलट जे सांगतो त्यावरच त्याला चालावं लागतं. म्हणून दिवसाला पाच-सहाच विमानं येणाऱ्या विमानतळावरही दोन एकदम आली की एकाला वाट बघावी लागते. प्रवाशाला खिडकीतून सगळं मोकळं दिसतं आणि तो म्हणतो, कुणीच नाहीये तर थांबलोय कशाला.

तर ५९ मिनिटं हवेत, निघताना ८ आणि पोचल्यावर ५ मिनिटं टॅक्सी. झाली ७२ मिनिटं. त्यात रोजच्या वारा-वळणासाठी तीन मिनिटं घातली की १ तास १५ मिनिटं. तुमचं तिकीट अगदी बरोबर आहे.

आता असं समजा की याच मार्गावर जेट आहे. चढायला १३ मिनिटं, वरती जेमतेम ८ मिनिटं, उतरायला २० मिनिटं, टॅक्सी तीच १३. एकूण ५४. म्हणजे वेग दीडपटीहून जास्त पण तुमचा वेळ वाचला फक्त १८ मिनिटं. अंतर २०० किलोमीटर असेल तर फरक सात-आठ मिनिटांवर येतो आणि जेट त्यासाठी कितीतरी जास्त इंधन खातं. म्हणून छोट्या मार्गांवर पंख्याचं विमान लावतात. लोक त्याला जुनं विमान समजतात, पंखे दिसले की घाबरतात, काहीजण तर तिकीट बदलून घेतात. अहो, त्या पंख्यामागे जेटसारखंच टर्बाइन इंजिन असतं, ते कमी लांबीच्या धावपट्टीवर उतरू शकतं आणि या अंतराला तेच योग्य विमान आहे. हे मला दरवेळी मनापासून सांगावंसं वाटतं.

सगळा हिशोब नको असेल तर मी घरच्यांना सांगते ती पद्धत घ्या. सरळ अंतर किलोमीटरमध्ये घ्या, टर्बोप्रॉप असेल तर ताशी ५०० ने, जेट असेल तर ताशी ८०० ने भागा, आणि जो वेळ येईल त्यात २५ मिनिटं मिळवा. एका टोकाला मोठा गर्दीचा विमानतळ असेल तर २५ च्या जागी ३५ ते ४०. तुमचे ४६ अधिक २५ म्हणजे ७१. बघा, कागदावरच्या ७२ ला लागूनच आलं. १०० किलोमीटरचा मार्ग असेल तर १२ अधिक २५, ३७ मिनिटं, म्हणजे उडण्यापेक्षा बाकीचाच वेळ दुप्पट.

यात टोकाचं उदाहरण म्हणजे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर २.७ किलोमीटर, जगातलं सगळ्यात छोटं नियमित विमान, वेळापत्रकात २ मिनिटं आणि वारा पाठीशी असताना ५३ सेकंदांत पोचल्याची नोंद आहे. तिथे ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे छोटं विमान चालतं, त्याला वर चढायचंच नसतं, त्यामुळे चढण-उतरणीचा वेळच नाही. आपल्या सूत्रात हे बसत नाही आणि का बसत नाही तेही तुमच्या लक्षात आलं असेल.

वाऱ्याबद्दल आता नीट बोलू, कारण जाताना आणि येताना तिकिटावर वेगळे वेळ का असतात हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. विमानाचा वेग हा हवेतला वेग असतो, जमिनीवरचा नाही. नदीत पोहणारा माणूस जसा प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध, तसंच. ५०० किलोमीटर अंतर, विमान ताशी ५०० चं आणि वारा ताशी १०० चा. पाठचा वारा असताना ६०० ने जाल, ५० मिनिटं. समोरचा असताना ४०० ने, ७५ मिनिटं. जाऊन-येऊन १२५ मिनिटं, वारा नसता तर १२० झाली असती. म्हणजे पाठच्या वाऱ्याने जेवढं मिळतं त्यापेक्षा समोरच्या वाऱ्याने जास्त जातं, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता. हे लोकांना पटत नाही, वाटतं की बरोबरी होईल, पण होत नाही. बाजूचा वारासुद्धा थोडं खातोच, कारण वाहून जाऊ नये म्हणून विमानाला नाक वाऱ्याकडे तिरकं धरावं लागतं, ताशी १०० चा अगदी काटकोनातला वारा असेल तर ५०० चे ४९० होतात.

जेट जिथे उडतात तिथे, साधारण ३०,००० ते ४०,००० फुटांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात जास्त जोरात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी त्या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी विमानाने आवाजाचा वेग ओलांडला नव्हता, कारण हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, ती हवाच पळत होती. तुमचं टर्बोप्रॉप एवढ्या उंचीवर जातच नाही, एटीआरची मर्यादाच २५,००० फूट आहे आणि छोट्या मार्गाला ते त्याहून बरंच खाली असतं, पण तिथेही ४० नॉट म्हणजे ताशी ७४ किलोमीटरचा वारा काही विशेष नाही. तुमच्या २१० किलोमीटरच्या मधल्या टप्प्यात एका दिशेला २२ मिनिटं आणि दुसऱ्या दिशेला ३० मिनिटं, एवढा फरक पडतो. म्हणून वेळापत्रकात जाताना १ तास १० आणि येताना १ तास २० असं दिसलं तर गोंधळू नका.

दोन विमानतळ वेगवेगळ्या देशांत असतील तर अजून एक बघा, तिकिटावर सुटायची वेळ तिथली आणि पोचायची वेळ पोचण्याच्या ठिकाणची असते. भारत आणि नेपाळमध्ये फक्त १५ मिनिटांचा फरक आहे, जागतिक वेळेच्या ५:३० तास पुढे आणि ५:४५ तास पुढे. तेवढा छोटा फरक लक्षात येत नाही आणि जाताना विमान जास्त वेळ घेतंय, येताना कमी, असं वाटतं. आम्ही म्हणूनच सगळं जागतिक वेळेत लिहितो.

आता ट्रेनकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे. आत्तापर्यंत सांगितलं ते सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर. छोट्या विमानतळाला जाताना मला सगळ्यात जास्त काळजी असते ती शेवटच्या वीस मिनिटांची. मोठ्या विमानतळावर आयएलएस असते, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत आणि बरोबर उतारावर आणणारी यंत्रणा, तिच्यामुळे बऱ्यापैकी धुक्यातही उतरता येतं. ती नसेल तर पायलटला धावपट्टी जास्त लांबून दिसावी लागते.

एका हिवाळ्यातली सकाळची पहिली फ्लाइट सांगते. सुटली तेव्हा पोचायच्या ठिकाणी दृश्यमानता ३,००० मीटर होती, आमची गरज २,४०० ची. विमान उतरायला लागायच्या बेतात असताना तिथला नवा रिपोर्ट आला, १,२००. सूर्य वर आला की कधीकधी जमिनीलगतचं धुकं जाण्याआधी अजून दाट होतं, तसंच झालं होतं. कॅप्टनने होल्डिंग घेतलं. होल्डिंग म्हणजे आकाशात एक लांबट गोल, वळायला एक मिनिट, सरळ एक मिनिट, परत वळायला एक, परत सरळ एक, एक फेरी चार मिनिटांची. मी प्लॅनची प्रत समोर ठेवून प्रत्येक फेरीला उरलेलं इंधन पेन्सिलने लिहीत होते. आम्ही इंधन भरताना टॅक्सीचं, प्रवासाचं, अंदाज चुकला तर म्हणून थोडं वरचं, उतरता आलं नाही तर जवळच्या दुसऱ्या विमानतळाला म्हणजे अल्टरनेटला जायचं, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं शेवटचं राखीव, असं सगळं धरतो. त्या राखीवला हात लावायचा नसतो. त्या दिवशी धुक्याचा अंदाज बघून मी वीस-पंचवीस मिनिटांचं जास्तीचं घातलं होतं. एक फेरी, १,२००. दुसरी, तेवढंच. तिसरी, १,५००. चौथी, १,८००. मी अल्टरनेटच्या स्टाफला फोन करून ठेवला होता, जिना आणि बस तयार ठेवा म्हणून. पाचव्या फेरीत टॉवरने २,५०० सांगितलं आणि विमान उतरलं. अजून एक फेरी झाली असती की ते १४० किलोमीटर लांबच्या दुसऱ्याच गावी गेलं असतं. प्रवाशांसाठी तो फक्त वीस-बावीस मिनिटांचा उशीर होता, पण ज्याला ५० मिनिटांनी ट्रेन होती त्याची ट्रेन बहुतेक गेली असणार.

म्हणून ५० मिनिटांत चालेल का, याचं माझं उत्तर नाही असं आहे. विमान वेळेवर आलं तरी तुमच्याकडे ५० मिनिटं नाहीत. छापलेली वेळ चोक लागल्याची आहे. त्यानंतर दार उघडणं, ७० माणसं एका जिन्याने उतरणं, चालत टर्मिनल, बॅग टाकली असेल तर एकच ट्रॉली आणि एकच पट्टा, विमानतळाच्या बाहेर यायला २० ते २५ मिनिटं जातातच. मग स्टेशनपर्यंतचा रस्ता. उरतं काय.

त्यातल्या त्यात काय करता येईल ते सांगते. बॅग हातातलीच ठेवा, सात किलोत बसवा. टर्बोप्रॉपमध्ये बऱ्याचदा चढणं-उतरणं मागच्या दाराने असतं, मग मागची सीट घ्या, लोक सवयीने पुढची घेतात आणि सगळ्यात शेवटी उतरतात. धुक्याच्या दिवसात पहिली फ्लाइट टाळा आणि उशिरा सकाळची घ्या, पावसाळ्यात मात्र उलटं, दुपारनंतर ढग चढतात म्हणून सकाळची बरी. दिवसातली शेवटची फ्लाइट असेल तर विमानतळाची बंद व्हायची वेळ बघा, बऱ्याच छोट्या विमानतळांना ठरलेलेच तास असतात, काही ठिकाणी रात्री उतरायची सोयच नसते, तिथे एक तासाचा उशीर म्हणजे सरळ फ्लाइट रद्द. एकच विमान दिवसभर चार-पाच फेऱ्या करतं, सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत जमा होत जातो, त्यामुळे तुमचं विमान आधी कुठून येतंय ते ट्रॅकिंग ॲपवर बघून ठेवा, ते अजून तिकडून सुटलंच नसेल तर तुम्हाला काउंटरवर सांगायच्या आधीच कळेल.

आणि ट्रेन दोन-अडीच तासांनंतरची घ्या. ती वेगळ्या तिकिटावर आहे, विमानाला उशीर झाला म्हणून ट्रेनचे पैसे कोणी परत देणार नाही. तशी नंतरची ट्रेनच नसेल तर मग ५२० किलोमीटर रस्त्याने रात्रीच्या बसने जा, सकाळी थेट स्टेशनवर उतराल.